छातीतलं पाणी आणि माझी बारा वर्षांची गोंडी

मार्चचा दुसरा आठवडा होता, २०२५ चा. ऑफिसातून येऊन नुकताच चहा ठेवला होता तर बाबांचा फोन वाजला आणि बोलता बोलता बाबा एकदम गोंडीत गेले, अडखळत अडखळत. मी किचनमधूनच कान टवकारले कारण आमच्या मानेवाड्याच्या घरात ही भाषा मी कित्येक वर्षात ऐकली नव्हती. बाबा गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात आश्रमशाळेवर मास्तर होते, माझं सगळं लहानपण तिथं गेलं, बारा वर्षांची झाले तेव्हा बदली झाली आणि आम्ही नागपूरला आलो. फोन त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा होता. त्याच्या गावची एक बाई नागपूरच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात भरती आहे, सोबत फक्त तिचा पोरगा, डॉक्टर काय म्हणतात ते तिला समजत नाही आणि ती काय म्हणते ते डॉक्टरला समजत नाही, गुरुजी तुमची पोरगी नागपुरातच आहे न, तिला गोंडी येते न.

मी म्हटलं येते. हे जे मी एका झटक्यात म्हटलं त्याबद्दलच लिहायचं आहे, कारण पुढचे अठरा दिवस मला कळत गेलं की "येते" म्हणजे नेमकं काय आणि दवाखान्यात ते किती पुरतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून गेले. महिला वॉर्ड, ३१ नंबरचा बेड. बाई असेल चाळीसच्या आसपास, एकदम वाळलेली, एका कुशीवर टेकून बसलेली कारण आडवं झालं की दम लागायचा. ओठ फुटलेले. बाजूला आठवीतला पोरगा, शाळेचाच शर्ट घातलेला. ते गावातून आधी तालुक्याला, तिथून गडचिरोलीला आणि तिथून अँब्युलन्सनं १७० किलोमीटर नागपूरला, असं करत आले होते, बाप घरी लहान पोरांजवळ थांबला. मी "जोहार" म्हटलं आणि पुढं माझ्या मोडक्यातोडक्या भाषेत दोन वाक्यं बोलले तर त्या बाईनं माझा हात असा धरला की मी उभीच राहिले, पाच मिनिटं सोडलाच नाही.

केसपेपरवर लिहिलेलं होतं की पेशंट सहकार्य करत नाही. सिस्टरनं सांगितलं, ताई हिनं दोनदा सलाइन उपटून फेकलं, पाणी दिलं तर तोंड फिरवते, काही सांगायला गेलं तर नुसतं हो हो म्हणते. पोराला विचारलं तर तो खाली पाहत राहिला. मग मी बाईजवळ बसून हळूहळू विचारत गेले, येर काहून पीत नाही, येर म्हणजे पाणी. तर तिनं छातीवर हात ठेवून सांगितलं की इथं येर भरलंय असं डॉक्टरनं सांगितलं, अजून पिलं तर बुडून मरीन, आणि हे लोक वरून बाटलीनं अजून येर सोडून राहिले.

बस, एवढंच होतं. डॉक्टर म्हणाले "छातीत पाणी झालंय", पोरानं आईला शब्दाला शब्द लावून सांगितलं, चूक त्याची कुठेच नव्हती. आपण मराठी माणसं "छातीत पाणी" असं सहज म्हणतो आणि ते पिण्याचं पाणी नाही हे आपल्याला आतून माहीत असतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. दीड दिवस ती बाई तहानेनं तडफडत बसली आणि कागदावर आलं "सहकार्य करत नाही".

आणि त्या पोराबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. तेरा वर्षांच्या पोराला डॉक्टर विचारत होते, आईला विचार शेवटची पाळी कधी आली, दिवस तर गेले नाही न. डॉक्टरला ते विचारणं भागच होतं, एक्सरे काढायचा, औषधं सुरू करायची तर हे विचारावंच लागतं. पण पोरगा ते आईला कसं विचारेल? त्यानं विचारलंच नाही, स्वतःच "नाही" म्हणून सांगून दिलं. हे त्यानं मला नंतर जिन्यात सांगितलं, रडकुंडीला येऊन, ताई मी खोटं बोललो. मी त्याला म्हटलं तू काही खोटं बोलला नाहीस बाबू, हे काम तुझं नव्हतंच. घरातलं लेकरू सोबत आहे, त्याला मराठी येतं, मग त्यालाच मध्ये उभं करा, हे आपल्याकडे सगळीकडे होतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. मला आता फार वाटतं. आईच्या आजाराची बातमी सगळ्यात आधी त्या लेकराच्या कानावर पडते, आणि ती आईला कशी सांगायची हेही त्यानंच ठरवायचं.

जेआर मॅडम म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट, पंचविशीच्या, रात्रभर ड्युटी करून डोळे लाल झालेल्या. मी त्यांना पाण्याचं सांगितलं तर त्या दोन सेकंद गप्पच झाल्या आणि मग सरळ बेडवर येऊन बसल्या. म्हणाल्या, आता सांगा तुम्ही, मी हळू बोलते. फुफ्फुसाच्या बाहेरून दोन पातळ पडदे असतात, त्यांच्या मधे पाणी साचलंय, बहुतेक टीबीनं, पाठीतून सुई घालून ते काढायचं आणि तपासायला पाठवायचं. मराठीत मला सगळं समजलं. गोंडीत सांगायला तोंड उघडलं आणि शब्दच नाही. फुफ्फुसाला काय म्हणतात? पडदा? माझी गोंडी बारा वर्षांची होऊन थांबली होती. मला आंबे पाडायची गोंडी येते, नदीवर भांडायची येते, शाळेतल्या पोरींना चिडवायची येते. आजाराची गोंडी मी शिकलेच नव्हते, त्या वयात कशाला शिकणार. त्यातून ती बाई बोलते ती माडिया, भामरागडकडची, आणि आमच्या गावची बोली थोडी वेगळी, दोन्ही जवळच्या असल्या तरी मधे मधे शब्द निसटतात.

शेवटी मी फोडाचा दाखला दिला. भाजल्यावर कातडीखाली जसं पाणी धरतं, ते काही आपण पिलेलं नसतं, तसं आत फोडासारखं पाणी धरलंय, पिलेलं येर पोटात जातं, त्याची वाट वेगळी. तिनं माझ्याकडं पाहिलं, पोराकडं पाहिलं आणि लोटा मागितला. पूर्ण लोटा पिली. सिस्टर बाजूला उभी होती, तिनं दुसरा भरून दिला.

मग तिनं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि काय प्रश्न होते! सुई केवढी आहे, दाखवा. किती पाणी निघेल. पुन्हा भरेल का. काढलेलं पाणी तुम्ही काय करता. अंगठा कशावर घेऊन राहिले, आधीच्या कागदावर काय लिहिलं होतं. ही "हो हो" म्हणणारी बाई! दुपारी पाणी काढलं, सव्वा लिटर निघालं, मी तिच्या डोक्याजवळ बसून होते. मॅडम म्हणाल्या एका वेळी दीड लिटरच्या वर काढत नाही, फुफ्फुसाला एकदम फुलायला त्रास होतो, तेही मी तिला सांगितलं. रात्री ती कित्येक दिवसांनी आडवी होऊन झोपली असं पोरानं सकाळी फोन करून सांगितलं.

इथपर्यंत मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

रिपोर्ट आले, टीबीच निघाला. औषध सुरू व्हायच्या दिवशी मॅडमला पुढं ओपीडीत जायचं होतं, त्या घाईत होत्या, उभ्या उभ्या भराभर सांगून गेल्या. सहा महिने औषध, पहिले दोन महिने चार औषधांची एकत्र गोळी, पुढचे चार महिने तीन औषधांची, वजन ३८ किलो म्हणून रोज तीन गोळ्या एकाच वेळी सकाळी उपाशीपोटी, लघवी लाल-नारंगी होईल त्याला घाबरायचं नाही, उलट्या होत राहिल्या किंवा डोळे पिवळे झाले तर लगेच दाखवायचं, नजर धूसर वाटली तर सांगायचं, दारू बंद, मधात सोडायचं नाही. मी बाईकडं वळून सांगितलं, ह्या तीन गोळ्या रोज सकाळी घ्यायच्या, सहा महिने, सोडायच्या नाही, दारू नाही. झालं. दोन मिनिटांचं बोलणं मी एका दमात आटपलं. तेव्हा मला वाटलं की मुद्द्याचं सांगितलं, बाकी हळूहळू सांगू, आणि खरं सांगायचं तर लघवीचं वगैरे सहा बायकांच्या मधात मोठ्यानं बोलायला मला कसंतरीच झालं.

तिसऱ्या दिवशी गेले तर बाई पुन्हा भिंतीकडं तोंड करून. बोलेचना. बऱ्याच वेळानं तिनं उशीखालून चुंबळ केलेलं फडकं काढलं, त्यात सहा गोळ्या, दोन दिवसांच्या. सिस्टरसमोर तोंडात घालायची आणि मागून काढून ठेवायची. मी विचारलं काहून, तर ती एवढंच म्हणाली, नत्तुर. म्हणजे रक्त. पहिल्याच दिवशी गोळ्या घेतल्यावर लघवीतून नत्तुर गेलं, आधी पाठीतून पाणी काढलं आता रक्त काढून राहिले, मी वाचणार नाही, मला गावाला न्या, मोहफुलं पडायला लागली आहेत, घरी वेचायला कोणी नाही.

मला तिथंच बसल्या जागी घाम फुटला. डॉक्टरनं सांगितलं होतं. सांगायचं राहिलं ते माझ्यामुळं राहिलं. टीबीच्या गोळीतल्या रिफाम्पिसिननं लघवी लाल-नारंगी होते, कधी घाम अन् डोळ्यातलं पाणीही, ते औषधाच्या रंगानं होतं, रक्त नसतं, हे सांगायला मला दहा सेकंद लागले असते. पोरानं लाजून एक प्रश्न गाळला म्हणून मला केवढं वाईट वाटलं होतं, आणि मी बत्तीस वर्षांची, शिकलेली, मी तेच केलं.

मी जाऊन मॅडमला सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, मी पण एका श्वासात आठ गोष्टी सांगितल्या, कोणाला लक्षात राहतील, आता आपण दोघी पद्धत बदलू. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, अमेरिकेतल्या फ्लोरिडातली, १९८० सालची. अठरा वर्षांचा पोरगा बेशुद्ध अवस्थेत आणला, घरचे स्पॅनिश बोलणारे, ते म्हणाले "इंटॉक्सिकादो", त्यांच्या बोलण्यात त्याचा अर्थ खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं असा, पण दवाखान्यात तो इंग्रजीतला "इंटॉक्सिकेटेड" समजला गेला, म्हणजे नशा केली, आणि इलाज त्याच दिशेनं सुरू झाला. खरं तर मेंदूत रक्तस्राव होता. कळेपर्यंत उशीर झाला, पोराचे हातपाय कायमचे लुळे पडले. पुढं कोर्टकचेरी झाली आणि सुमारे सात कोटी दहा लाख डॉलरची तडजोड झाली. एका शब्दावरून. मॅडम म्हणाल्या, त्यात दुभाषी बोलवायची गरजच कोणाला वाटली नाही कारण सगळ्यांना वाटत होतं आपल्याला समजलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी बाबांजवळ बसून हेच बोलत राहिले. बाबा म्हणाले शाळेत पण हेच होतं, पोरं मान हलवायची आणि आम्ही पुढचा धडा घ्यायचो.

तर पद्धत अशी बदलली. आधी मी डॉक्टरच्या बाजूला उभी राहायची, आता बाईच्या बाजूला, उशाशी बसायला लागले. मॅडम माझ्याकडं पाहून "त्यांना सांगा की" असं म्हणायच्या ते बंद केलं, त्या सरळ बाईच्या डोळ्यात पाहून मराठीत बोलायच्या, तुम्हाला रात्री घाम येतो का, आणि मी मागून तेवढंच गोंडीत. बाई म्हणाली मला भीती वाटते तर मी मराठीत "मला भीती वाटते" असंच म्हणायचं, "ती म्हणते तिला भीती वाटते" असं नाही. पहिल्यांदा फार विचित्र वाटलं, दुसऱ्याच्या तोंडानं "मी" म्हणणं. पण दोन दिवसात मला फरक दिसला, मी जेव्हा "ती म्हणते" म्हणायची तेव्हा त्यात माझं मत मिसळायचं, माझा सूर यायचा, की बघा कशी ऐकत नाही. "मी" म्हटलं की ते मिसळताच येत नाही. एक किंवा दोन वाक्यं झाली की मॅडम थांबायच्या. मला शब्द सापडला नाही तर मी तसं मोठ्यानं सांगायचं, दोघींनाही, की मला हा शब्द येत नाही, मी अमुक दाखला देऊ का. आणि शेवटी बाईनं जे समजलं ते उलट आम्हाला सांगायचं. समजलं का असं विचारायचंच नाही, त्याला उत्तर "हो"च येतं.

सहा महिने हे तिला कसं सांगायचं यावर आमचा अर्धा तास गेला. महिने मोजून सांगितले तर ती मान हलवायची पण मला तो "हो हो"चा वास यायला लागला होता. मग तिलाच विचारलं, आता काय सुरू आहे तिकडं, मोहफुलं. मग तेंदू. मग पाऊस, रोवणी, निंदण. मी म्हटलं धान निसवेपर्यंत गोळी. ती एकदम म्हणाली, म्हणजे तेंदूच्या वेळी पण? तेंदूच्या वेळी तर दिवसभर रानात असते. हा खरा प्रश्न होता, तेंदूपत्त्याच्या पंधरा-वीस दिवसात वर्षाचा मोठा पैसा घरात येतो, सकाळी अंधारात निघतात. मॅडम म्हणाल्या निघायच्या आधी घ्या आणि पहिल्या वर्षी पत्ता तोडायला जाऊ नका, बांधायला बसा. हे बोलणं "सहा महिने सोडू नका" मधून कधीच निघालं नसतं.

माझी गोंडी मात्र पुरत नव्हती ती नव्हतीच, आणि हे मान्य करणं मला जड गेलं. सिस्टरकडून कळलं की नर्सिंगच्या शिकणाऱ्या पोरींमध्ये एक तिकडचीच आहे, माडियाच घरची भाषा. ती आली, पाच मिनिटं आमचं बोलणं ऐकलं आणि हसून म्हणाली, ताई तुम्ही लहान पोरांसारखं बोलता. बरोबरच होतं. डोळे पिवळे होणं, उलटीसारखं होणं, पाळी, अंगावरून जाणं, हे सगळे शब्द मी तिच्याकडून वहीत उतरवून घेतले. जे मला येत नाही ते ती करायची, ती क्लासला असली की मी तिला फोन लावून स्पीकरवर ठेवायची. फोनवर काम होतं, ऑस्ट्रेलियात तर १९७३ पासून सरकारी फोन दुभाषी आहेत म्हणे, पण आमच्या वॉर्डात ट्रॉल्यांचा आवाज, बाजूच्या बेडवरचं लेकरू रडतंय आणि बाई बोट दाखवून म्हणते "इथं", ते इथं म्हणजे कुठं हे फोनवरच्या पोरीला कसं दिसणार. पाळीबद्दलचा प्रश्न मात्र तिनंच विचारला, पोराला बाहेर पाठवून, पडदा ओढून. उत्तर पोरानं दिलेलंच निघालं, पण आता ते बाईनं दिलेलं होतं.

एक गोष्ट बाईनं आम्हा दोघींनाच सांगितली, डॉक्टरला सांगू नका म्हणाली. गावच्या पुजाऱ्याकडून घेतलेलं मुळीचं औषध ती इथं पण घेत होती, पदरात बांधून आणलेलं. मी अडकले. सांगितलं तर तिचा विश्वास जातो, नाही सांगितलं तर ह्या गोळ्यांचा आधीच लिव्हरवर भार, त्यात ते काय करेल माहीत नाही. नर्सिंगवाली पोरगी माझ्यापेक्षा शहाणी निघाली, ती बाईला म्हणाली की आम्ही इथं जे ऐकतो ते डॉक्टरला सांगणं हेच आमचं काम आहे, पण तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडानं, आम्ही फक्त पोचवतो. बाईनं रात्रभर विचार केला आणि सकाळी राउंडला स्वतः पदर सोडून मॅडमच्या हातावर ठेवलं. मॅडम रागावल्या नाहीत, म्हणाल्या सहा महिने हे बाजूला ठेवा, मग बघू. त्या जर ओरडल्या असत्या तर मला वाटतं पुढचं सगळंच बिघडलं असतं.

२०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर आहेत. हे द्रविड कुळातलं बोलणं, तेलुगूच्या जवळचं, त्यामुळं मराठी-हिंदीवरून अंदाज लागत नाही. छत्तीसगडहून, बालाघाट-शिवनीहून पेशंट येतो तेव्हा हिंदीवर निभावतं, गोंडी-माडियाचं नाही निभावत, मेळघाटच्या कोरकूचंही नाही. आणि हे नागपूर १७०२ मध्ये वसवलं ते गोंड राजा बख्त बुलंद शहानं. मला हे शाळेत शिकवलं होतं, त्या वॉर्डात बसून ते सारखं आठवायचं. ह्या शहरातल्या एवढ्या दवाखान्यांमध्ये चोवीस तास एक माणूस पाहिजे ज्याला ही भाषा येते आणि ज्याला त्याचा पगार मिळतो. नर्सिंगची पोरगी, वॉर्डातली बाई, कोणाची तरी मास्तरची पोरगी, असं शोधत बसायची वेळ पेशंटवर का यावी. हेमलकशाला १९७३ मध्ये लोकबिरादरी सुरू झालं तेव्हा डॉक्टर मंडळी आधी माडिया शिकली आणि मग इलाज जमायला लागला, हे गडचिरोलीत सगळ्यांना माहीत आहे. नागपूरच्या प्रत्येक डॉक्टरनं शिकावी असं मी म्हणत नाही. पण ज्यांची ती आईची भाषा आहे आणि ज्यांना नर्सिंग पण येतं अशा पोरी आहेत न, त्यांना शिकवा, नेमा.

डिस्चार्जच्या दिवशी बँकेचं पासबुक, निक्षयमध्ये म्हणजे सरकारच्या टीबी नोंदणीत नाव, महिन्याचे पोषणाचे हजार रुपये खात्यात येतील, गावच्या आरोग्य केंद्रातून पुढच्या गोळ्या, हे सगळं झालं. ते सोपं होतं. नर्सिंगवाल्या पोरीनं पोराच्या मोबाइलवर माडियात चार मिनिटांचं रेकॉर्डिंग करून दिलं, गोळी कशी, लघवीचा रंग, डोळे पिवळे झाले तर काय, कारण घरी जाऊन नवऱ्याला कोण सांगणार, पुन्हा तोच पोरगा. बाईनं सगळं बोटावर मोजून आम्हाला परत सांगितलं. पोरगा तोवर बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या पोरांसोबत खेळून राहिला होता, त्याला कोणी बोलवलं नाही.

गणेशपेठच्या स्टँडवर मी त्यांना एसटीत बसवून दिलं.

सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला, गावाबाहेर टेकडीवर चढून, रेंज तिथंच मिळते. गोळ्या संपल्या, वजन ४४. पत्ता तोडायला गेली नाही, बांधायलाच बसली. मग ती म्हणाली डॉक्टर बाईला माझा निरोप सांग. मॅडमची तोवर दुसऱ्या वॉर्डात पोस्टिंग झाली होती, मी व्हॉट्सअॅपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला. आधी "त्या बाई म्हणतात" असं सुरू केलं होतं, ते डिलीट केलं आणि पुन्हा बोलले: मी निंदणाला जाऊन आली, दम नाही लागला. सुईचा मला राग नाही. पाणी पिते.